एका म्हाताऱ्या गव्याचे दात

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सातच्या आत फोन वाजला. "डॉक्टर, गव्याला लाळ्या झालाय. तोंडातनं तार लागलीया नुसती. आमच्या म्हशी त्याच वड्याला पाणी पित्यात. आता काय करायचं सांगा."

फोन तात्यांचा. राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गवा दिसला म्हटलं की कोल्हापुरातून मोटारसायकली भरून पोरं येतात, ती आणखी नकोत. तात्यांच्या दावणीला तीन म्हशी, एक गाय आणि एक म्हातारा बैल. त्या बैलाचा पुढं संबंध येणार आहे.

मी जनावरांचा डॉक्टर, बावीस वर्षं याच भागात. गव्याचे फोन जातात ते वनखात्याला, आणि तेही ठरलेले: ऊस खाल्ला, शाळू तुडवला, वाट अडवून उभा राहिला. गवा आजारी आहे म्हणून मला कुणी बोलावल्याचं आठवत नव्हतं. लाळ्या-खुरकूत हा शब्द ऐकला नसता तर दुपारी सावकाश गेलो असतो. पण हा रोग दुभंगलेल्या खुराच्या सगळ्याच जनावरांना होतो, गव्यालाही, आणि गावच्या गोठ्यात शिरला की म्हशी दूध तोडतात ते लवकर परत येत नाही. वनरक्षकाला फोन लावला आणि निघालो.

तात्यांची भीती वेडगळ नव्हती. पाळीव आणि रानटी जनावरांत रोगांची देवाणघेवाण जुनी आहे, आणि बहुतेक वेळा देणारं जनावर आपलं असतं. बुळकांडीनं, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथीनं, दक्षिणेतल्या जंगलांत गव्यांचे कळप झोपवले ते गावच्या गुरांतून गेलेल्या रोगामुळं. आफ्रिकेत तर याचा ताळाच मिळाला. सेरेंगेटीत 1960 च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली विल्डबीस्टं (तिथली कळपानं चरणारी रानजनावरं) 1970 च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या घरात गेली. आजूबाजूच्या गुरांना लस टोचल्यावर जंगलातली बुळकांडी आपोआप आटली, हे त्याचं मोठं कारण. 2011 साली जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. लाळ्या-खुरकूत मात्र आहे तिथंच आहे.

हा इथं आला कसा

दाजीपूरचं गवा अभयारण्य 1958 साली झालं. आज राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचं क्षेत्र 351.16 चौरस किलोमीटर आहे. त्याआधी हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. वर जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ पठारं, त्यावर पावसाळ्यात गुडघाभर गवत, खाली दाट झाडी, आणि झाडी संपते न संपते तोच ऊस. गव्याच्या बाजूनं बघितलं तर ऊस म्हणजे उंच वाढलेलं गवतच. ऊस, शाळू, भात, बांबू, सगळी एकाच कुळातली. शिवाय आत गारवा, पाटाचं पाणी, आणि आठवडेच्या आठवडे माणूस फिरकत नाही.

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की एकेक फड तुटतो. फेब्रुवारीपर्यंत निम्मं शिवार उघडं पडतं, आणि दिवाळीपासून उसात मुक्काम करून असलेला गवा एका सकाळी सगळ्या गावाला दिसतो. लोकांना वाटतं, आजच आला. तात्यांच्या वड्याकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, बारा गुंठ्यांचा आडसाली उसाचा एक तुकडा तोडीची वाट बघत उभा होता. गवा त्यात होता, आणि गावात त्याच्याबद्दल तीन मतं होती. कळपानं हाकलला, हे एक. पिसाळलाय, हे दुसरं. लाळ्या झालाय, हे तिसरं, तात्यांचं.

पहिल्या मताला फार अर्थ नाही, आणि ते इतकं पसरलंय की थोडं थांबून सांगतो. गव्याचा कळप हा गायींचा आणि वासरांचा. पुढं चालते ती बहुधा वयस्क गाय. नर मोठा झाला की एकटा नाहीतर दोघा-तिघांत राहतो आणि माजाच्या दिवसांत कळपांकडं वळतो. तेव्हा तो एक लांबट, खालच्या सुरात उतरत जाणारी हाक देतो, ती शांत रात्री मैलभर ऐकू जाते. सारांश, एकटा गवा दिसणं म्हणजे घरातून काढलेला म्हातारा नव्हे. नराची राहायची रीतच ती आहे.

माळ्यावरून

तात्यांच्या शाळवात राखणीचा माळा होता. त्यावर मी, तात्या आणि वनरक्षक. वनरक्षक पंचविशीतलं पोरगं, वाशीमकडचं, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. अंतर दीडशे मीटर असेल. साडेनऊला तो उसातून बाहेर आला.

काळा कुळकुळीत. कपाळ राखाडी, गुडघ्याखाली चारी पायांत पांढरे मोजे. पाठीवर तो नेहमीचा उंचवटा. हे वशिंड नव्हे, मणक्यांची वरची हाडंच लांब असतात आणि त्यांवर स्नायू चढलेले असतात, म्हणून मानेपासून अर्ध्या पाठीपर्यंत धार दिसते. भरातल्या नरात ही धार मांसात बुडलेली असते. याची धार कौलारू घराच्या आढ्यासारखी वर आली होती. कुशीत खळगा, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे. अंगावर केस कमी, मागच्या मांड्यांवर तर कातडं चकाकत होतं.

लाळ गळत होती हे खरं. उजव्या बाजूनं, दोरीसारखी.

पण तो लंगडत नव्हता. खुरकूत असलेलं जनावर पाय झटकतं, टेकताना विचार करतं, बसून राहतं. हा वड्यातल्या गोट्यांवरून सरळ चालत आला, पाणी प्याला आणि चरायला लागला. चरण्यात मात्र गडबड होती. जिभेनं गवत ओढून सहा-सात घास घ्यायचा आणि थांबायचा. मान डावीकडं कलती करून चावायचा. मग तोंड उघडून, अगदी निवांत, खाल्लेलं खाली सोडून द्यायचा. दुपारी तो आडव्या सावलीत बसून रवंथ करायला लागला तेव्हा मी घड्याळ लावलं. गाय एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा हलवते. याचे शंभरावर जायचे, मध्येच तुटायचे, पुन्हा सुरू व्हायचे.

तात्या म्हणाले, "आमचा सोन्या करतोय तसंच करतोय की ह्यो."

सोन्या म्हणजे त्यांचा बैल. त्या क्षणी मी ते ऐकून सोडून दिलं. माझ्या डोक्यात अजून लाळ्याच होता, आणि माणूस डोक्यात जे घेऊन आलेला असतो तेच आधी शोधतो.

गवा उसात परत गेल्यावर आम्ही वड्याकाठी उतरलो. वनरक्षक पुढं, हातात काठी, डोळे फडावर. तिथं सापडले ते बोळे. पेरूएवढे, हिरवट, ओले, अर्धवट चावलेल्या गवताचे, एकूण अकरा. हातमोजा घालून एक उचलला. नाकाजवळ नेताच मान मागं गेली. कुजक्या दाढेचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आतलं गवत कापलेलं नव्हतंच, नुसतं दुमडलेलं होतं. पाती हातात धरून सरळ करता येत होती.

मग शेण. ताजा पो काठीनं मोडला, चाळणीत घेऊन वड्याच्या पाण्यात धुतला. धड जनावराच्या शेणात धागे बारीक असतात, चहाच्या चोथ्यासारखे. चाळणीत राहिले ते दोन-दोन, तीन-तीन इंचांचे दोरे. एक उसाचं पान तर करंगळीएवढं अख्खं.

लाळ्या नव्हता. या जनावराचं जातं बंद पडलं होतं.

जातं

रवंथ करणाऱ्या जनावराला वरच्या जबड्यात समोरचे दात नसतात. तिथं कडक गादी असते. खाली आठ दात. गवत जिभेनं ओढायचं, दात आणि गादीत धरायचं आणि तोडायचं. खरं काम मागं, दाढांचं. वरच्या-खालच्या मिळून चोवीस. त्या उंच असतात, बऱ्याचशा हिरडीत दडलेल्या, आणि झिजतील तशा वर सरकत राहतात. दाढेच्या माथ्यावर कठीण आणि मऊ थर आलटूनपालटून येतात. मऊ आधी झिजतो, कठीण कडेसारखा उभा राहतो. जात्याचा गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करायला, म्हणजे टाकी लावायला, टकारी बोलवावा लागतो. इथं जातं झिजता झिजता स्वतःलाच टाकी लावून घेतं.

झिजवतं कोण? गवत. गवताच्या पात्यात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. उसाच्या पानानं हात चिरतो तो त्याच घटकामुळं. त्यात उन्हाळ्याची धूळ. सड्यावर चरणाऱ्या जनावराच्या दाढा रोज काही ना काही देत राहतात, आणि दिलेलं परत येत नाही. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा जोड मिळतात. गाय, म्हैस, गवा, काळवीट यांना कायमच्या दाढा एकदाच. त्या सपाट झाल्या की पुढं काय, हे मी पाळीव जनावरात नीट कधी बघितलंच नव्हतं, कारण तोवर मालकानं जनावर विकलेलं असतं.

म्हणून आयुष्य विचारलं तर गव्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. पिंजऱ्यात, मऊ चारा आणि डॉक्टर हाताशी असताना, तीस वर्षांपर्यंत. रानात त्याहून कमी. वाघ, रोग, पडणं, झुंज यांतून सुटलेल्याला शेवटी दाढा थांबवतात. मादीला बहुधा जास्त मिळतं. नराचं अंग मोठं, झुंजी जास्त, माजाच्या दिवसांत खाण्याकडं लक्ष कमी.

वनरक्षक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आमच्याकडे रोह्यांनी सोयाबीन ठेवली नाही. पण असा दात पडलेला म्हातारा रोही मी कधी पाहिला नाही."

त्याचं निरीक्षण मला आवडलं. रोही, म्हणजे नीलगाय, आपल्या देशातला सगळ्यात मोठा कुरंग, म्हणजे इंग्रजीतला अँटिलोप. मोठा नर अडीचशे किलोच्या पुढं जातो. रानात तो दहाएक वर्षं काढतो, बंदिस्त जागेत वीसच्या आसपास. मादी दोन वर्षांची झाली की माजावर येते, आठ-नऊ महिन्यांनी विते, आणि जुळी होणं तिच्यात नवलाचं नाही. गवीला नऊ महिन्यांनी एकच वासरू. रोह्याचा हिशोब लवकर सुरू होतो आणि लवकर मिटतो. दाढा झिजायच्या आत दुसरं काहीतरी गाठतं. गंमत अशी की आपण कुरंग म्हणून रोही आणि काळवीट एका दावणीला बांधतो, पण नात्यानं रोही काळविटापेक्षा गव्याला जवळचा. दोघे गो-कुळाच्या एकाच शाखेतले. शिंगांचा मात्र फरक मोठा: रोह्यात फक्त नराला, तीही वीतभर, गव्यात नर-मादी दोघांना, आणि ती जन्मभर वाढत राहतात, झडत नाहीत.

शिंगांवरून तात्यांनी वय काढलं. ही त्यांची परीक्षा मी जशीच्या तशी देतो, कारण वडगावच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं घासलेली नजर आहे ती. "बुडाला बघा, सालपटं धरल्यात. टोकं बोथट. तरण्याचं शिंग पिवळं आणि टोक काळं, सुईसारखं. ह्याचं बुडच काळपाटलंय. बैल असता तर मी म्हटलं असतं, जुळून बारा वर्षं झाली." जुळणं म्हणजे खालचे आठही दात पक्के येणं. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. तिथून पुढं बाजारात वय कुणी सांगत नाही, झिजेवरून ताडतात. गावठी बैल साडेचार-पाचला जुळतो. तात्यांचा हिशोब सतरा-अठरावर येत होता. मी मनात वीस धरलं होतं.

काय करायचं

संध्याकाळी देवळात बैठक झाली. लाळ्या नाही म्हटल्यावर निम्मे लोक उठून गेले. राहिले त्यांच्यापुढं चार वाटा होत्या.

पकडून न्या, असं सरपंच म्हणाले. बेशुद्धीचा बाण मारणं लांबून सोपं दिसतं. एवढ्या जनावराला औषध चढायला मिनिटं लागतात आणि तोवर ते धावतं. इथं धावायला एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला नदी. घाबरून पळालेल्या जनावराच्या स्नायूंतच बिघाड होतो. अंग तापतं, स्नायूंत आम्ल साचतं, स्नायूंचे तंतू फुटून त्यांतला रंगकण मूत्रपिंडात अडकतो. वरून जखम दिसत नाही आणि जनावर काही तासांत नाहीतर दोन-चार दिवसांत मरतं. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्यामागं गर्दी धावली आणि तो गेला, हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं. आणि समजा पकडला, पुढं काय? दाढा कुठून आणणार?

हाकलून जंगलात घाला, ही दुसरी वाट. ती मी वनरक्षकावर सोडली. तो एवढंच म्हणाला, "तो चालत जाईल तेव्हा जाईल."

तिसरी, आहे तसं राहू द्या. वडा टाळा, म्हशींना घरी पाणी द्या, रात्री मोटार चालू करायला एकट्यानं जाऊ नका, फडाभोवती पोरांना फिरकू देऊ नका. फटाके नाहीत. तात्यांचा ऊस तोडायचा थांबवा. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वनखातं करेल. तात्या लगेच हो म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण ऊसतोडीची टोळी आठवड्यात येणार होती आणि तोड एकदा हुकली की पुन्हा मुकादमाच्या हातापाया पडावं लागतं.

चौथी वाट तात्यांनीच काढली, लोक पांगल्यावर. "कुट्टी करून टाकली तर खाईल न्हवं? सोन्या त्येच्यावरच हाय तीन वर्षं."

सोन्याच्याही दाढा गेलेल्या. तात्या त्याला कडबाकुट्टीतून बारीक केलेला चारा, भिजवलेली पेंड आणि वर मिठाचं पाणी देतात. कडबाकुट्टी यंत्र काय करतं? दाढांचं काम घराच्या ओसरीवर करून ठेवतं. सूचना शास्त्राला धरून होती. आणि मी नाही म्हणालो. कारणं देतो, ती मला आजही बरोबर वाटतात: गव्याला माणसाच्या वासाचा चारा खायची सवय लागली की तो उसातून गोठ्यात येतो, एकाला घातलं की उद्या दुसरं गाव घालतं, आठशे किलोचं जनावर अंधारात दारात उभं राहिलं तर त्याला राग यायची गरज नाही, नुसतं वळलं तरी माणूस जातो. तात्या "व्हय, बरोबर हाय" म्हणाले.

त्या रात्री मी पडल्या पडल्या कानशीचा विचार करत होतो. घोड्याची वाढलेली दाढ कानशीनं घासतात, बैलाचीही मी दोनदा घासलीय. गव्याची घासायची तर आधी झोपवायला हवं. फिरून तिथंच. असले विचार दिवसा टिकत नाहीत.

एकोणीस दिवस

वनखात्यानं फडाच्या दोन कोपऱ्यांवर ट्रॅप कॅमेरे लावले. मी दर तीन-चार दिवसांनी जायचो. लिहिण्यासारखं फार घडलं नाही. तो उसातून ओढ्यापर्यंत आणि परत, रोज थोडा कमी चालायचा. उसाच्या पानांना तोंड लावणं त्यानं सोडलं. कोवळे फुटवे आणि वड्याच्या कडेचं लव्हाळं. एकदा शाळवाच्या कापलेल्या बुडख्यांना फुटलेले पोंगे खाताना दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या पोंग्यांत सायनाइडचं विष तयार होतं, आपल्याकडं किराळ लागणं म्हणतात ते. लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली: त्याची तब्येत किंचित सावरल्यासारखी वाटली. रवंथ बरी, बोळे कमी. मी टिपणात "कारण स्पष्ट नाही" असं लिहिलं.

विसाव्या दिवशी सकाळी वनरक्षकाचा फोन. वड्याच्या वळणावर, पुढचे पाय दुमडून, हनुवटी मातीला टेकून तो गेला होता.

उघडल्यावर

मेलेलं गुरवर्गीय जनावर थेट उघडत नाहीत. आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन रंगवायचा आणि फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू नाहीत ना हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्या जंतूला हवा लागली की तो बीजरूपानं मातीत वर्षानुवर्षं राहतो. काच स्वच्छ निघाली. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्यामुळं पंचनामा, फोटो, वनअधिकाऱ्यांच्या समोर शवविच्छेदन, आणि शेवटी शिंगांसकट सगळं जाळणं. तात्या पंच म्हणून उभे होते.

खांद्याशी उंची 176 सेंटिमीटर. डाव्या फऱ्यावर जुना भरलेला व्रण, हातभर लांब. कुठल्यातरी तरण्या वयातल्या झुंजीचा. जबडा खालून मोकळा केला. समोरच्या आठपैकी पाच खुंट उरलेले, त्यांच्यातून बोट जाईल एवढ्या फटी. मागं उजवीकडं खालची पहिली मोठी दाढ नव्हतीच. ती सगळ्यात आधी येते, वासरू सहा महिन्यांचं असताना, म्हणून सगळ्यात आधी संपते. तिच्या जागी पू भरलेला खड्डा, आणि समोरून अडवायला कुणी नाही म्हणून वरची दाढ खुंटीसारखी खाली वाढून त्या खड्ड्यात रुतलेली. लाळेची दोरी इथून होती. डावीकडच्या दाढांवरून अंगठा फिरवला. कड लागलीच नाही, घासलेल्या चमच्यासारखा नुसता गुळगुळीत खोलगट पृष्ठभाग. तात्यांनी वाकून बघितलं. "कोरा," ते म्हणाले. बाजारात हा शब्द दात पार झिजलेल्या जनावराला म्हणत नाहीत, उलटच. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं. वय मी पंचनाम्यात "सुमारे 18 ते 20 वर्षे" लिहिलं. झीज चाऱ्यावर अवलंबून असते, दोन वर्षांची चूक त्यात धरलीच पाहिजे.

मग मांडीचं हाड फोडलं. धड जनावराच्या हाडातली मज्जा पांढरी, घट्ट, लोण्यासारखी. याची लालसर आणि पातळ, न जमलेल्या जेलीसारखी हलत होती. शरीर सगळ्यात शेवटी मोडतं ती ही ठेव. हृदयाभोवतीची चरबीही तशीच पाझरलेली. उपासमार, दुसरं काही शोधायची गरज नव्हती.

आणि कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, भरलेलं होतं. गच्च. नव्या वनरक्षकाला हे पटेना. "पोट भरलंय तर उपाशी कसा, सर?" त्याला दाखवलं. कोठीपोटातून पुढं पडदेपोटात जायचं दार अरुंद असतं, चारा मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झाल्याशिवाय ते सोडत नाही. बारीक करायचं काम दाढांचं. दाढा नाहीत तर चारा आत फिरत राहतो, जागा अडवतो, नवीन घ्यायला वाव नाही, भूकही लागत नाही. जनावर भरल्या पोटी वाळत जातं. शेवटच्या दिवसांत त्यानं चरणं सोडलं होतं ते म्हणूनच.

कोठीतला चोथा मी परातीत घेऊन पाण्यानं पसरला. लव्हाळ्याचे लांब दोरे, उसाचे धागे, एक चिंधी प्लॅस्टिकची, आणि त्यांच्यात वेगळं काहीतरी. पिवळसर तुकडे. सगळे इंचभराचे. चिमट्यानं एक उचलून उजेडात धरला: शाळूच्या कडब्याचा, दोन्ही टोकं सरळ कापलेली, कात्रीनं कापावीत तशी. दातानं तोडलेलं टोक असं कधीच नसतं. परातीत असे शेकडो होते. मूठभर पेंडीचा गाळही.

मी मान वर केली. तात्या वड्याकडं बघत होते.

"किती रात्री?" मी हळू विचारलं.

"अकरा," ते म्हणाले. "फडाच्या त्या अंगाला, कॅमेरा न्हाई तिकडं. टोपली ठिवायची आनि मागं न बघता यायचं."

वनरक्षक पलीकडं मापं उतरून घेत होता. पंचनाम्यात कोठीपोटातला मजकूर या रकान्यापुढं मी लिहिलं: गवत, ऊस, कडबा. कुट्टी हा शब्द लिहिला नाही. तात्यांनी सही केली, धोतराला हात पुसले आणि घराकडं निघाले, सोन्याची वेळ झाली होती.